निळा धोबी

पक्षी बघायला चल म्हणू नका रे मला. मी सोडलंय ते सगळं.

होळीनंतर आमच्या कांबळे सरांना कॅम्प तीन भागातल्या नाल्यावर एक निळा पक्षी दिसला. फोटो आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर पडला आणि सगळे पागल झाले. "नवीन जात आहे!" म्हणून दोन दिवस भांडणं. शेवटी रविवारी सकाळी सरांनी आणि मी तिथे जाळं लावलं, आणि सापडला की तो!

सरांनी त्याला हळूच मुठीत घेतलं, तर पायात ओळखीसाठी घालतात ते नंबराचं कडं. नंबर वाचून सर माझ्याकडे वळले.

"अरे, हा आपलाच. थंडीत बदलापूरला तूच घातलंस ना हे कडं? काळा-पांढरा धोबी पक्षी होता."

शेजारच्या जीन्स धुण्याच्या कारखान्यातून नाल्यात निळंशार पाणी पडत होतं. सरांनी रुमाल ओला केला आणि पंख पुसत बसले. "हिमालयात जायचाय रे हा आता. असा कसा जाणार?"

रुमाल पांढराच राहिला.

कारखान्याच्या दारात एक कामगार दात घासत उभा होता. त्याला सरांची दया आली. म्हणाला, "मत घिसो, साब. पक्का कलर है. हम गॅरंटी देते हैं."