दाण्याएवढी

...नाही, पण मी काय म्हणतो, एवढी शिकलेली डॉक्टरीणबाई, भिंतीवर तीन-तीन सर्टिफिकिटं, आणि तिनं पेशंटला नुसतं 'दाण्याएवढी' असं मोघम सांगावं? दाण्याएवढी! अहो, कोणता दाणा? पुण्याकडे असेल एकच दाणा, आमच्या जळगावात दाण्यांना काय तोटा आहे का? दादर ज्वारीचा दाणा, मक्याचा दाणा, हरभऱ्याचा दाणा, शेंगेचा दाणा... आणि सांगितलं कुणाला, तर मोतीलाल मापाड्याच्या पोरीला! तुम्हाला सांगतो, हा मोतीलाल म्हणजे बाजार समितीत तीस वर्षं धान्य मापणारा माणूस, मूठभर ज्वारी तळहातावर घेतली की कोणत्या गावची ते सांगणार, आणि त्याच्या घरात तुम्ही असा बिननावाचा दाणा सोडून देता? मग महाभारत नाही होणार तर काय होणार!

आता ही मोतीलालची पोरगी, दिपमाला. वय सव्वीस, मेहरूण भागातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाची मॅडम. हुशार, कामाची, आवाज तर असा की नुसता हजेरीपट वाचला तरी ऐकत बसावं. पण दहावीपासून दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर मुरुमं. एक गेलं की दोन हजर. मग कॉलेजात असताना कोरोना आला, सगळ्यांनी मास्क लावले. कोरोना गेला, सगळ्यांनी काढले. दिपमालानं नाही काढला! नोकरी लागली तीही मास्कमध्येच, तीन वर्षं शिकवलं तेही मास्कमध्येच, डबा खायला एकटी लायब्ररीच्या कपाटामागे. का? तर मास्क लावल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की लोक आपल्या डोळ्यांत बघूनही बोलू शकतात. त्याआधी जो भेटेल तो तिच्या गालाशीच बोलायचा!

आणि बोलायचा काय? सल्ला! शेजारीण म्हणणार, टूथपेस्ट लाव. दूधवाला म्हणणार, मुलतानी माती. रिक्षावाला, अहो रिक्षावाला, ज्याला स्टँडचा रस्ता विचारला होता, तो आरशातून बघून म्हणतो, "ताई, शेवभाजी बंद करा." एक बाई तर म्हणाली, लग्न झालं की जातात आपोआप, जसं काही नवरा नाही, मलमच येणार आहे वरातीत! चेहरा कुणाचा? दिपमालाचा! आणि काळजी कुणाला? बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या गावाला!

पण खरा घाव बसला तो मागच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात. निवेदन दिपमालाचंच, कारण तसा आवाज शाळेत दुसरा नाही. पण स्टेजवर मास्क चालत नव्हता आणि मास्क काढणं तिला चालत नव्हतं. मग काय केलं? दिपमाला माईक घेऊन पडद्यामागे, आणि पुढे शाळेतल्याच पुनम मॅडम, दुसरा बंद माईक धरून, नुसते ओठ हलवत! कार्यक्रम संपला, पालकांनी गर्दी केली, "काय आवाज हो पुनम मॅडम! काय ते बोलणं!" पुनम बिचारी ओशाळून "अहो, मी नाही..." म्हणायला जाते तर ऐकतो कोण? आणि दिपमाला पडद्यामागे वायर गुंडाळत उभी. घरी येऊन ती जेवली नाही. त्या दिवशी तिनं ठरवलं, पुढच्या वर्षी माझा आवाज माझ्या तोंडातून निघेल.

म्हणून या सप्टेंबरात मोतीलालच्या मोटारसायकलवर बसून ती गेली चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी नीट तपासलं, चिठ्ठीवर क्रीम लिहून दिली, ट्रेटिनॉइन. मोतीलाल शेवटपर्यंत तिला 'ट्रॅक्टरनाईन'च म्हणत होता. बाई म्हणाल्या, "हे बघा, रात्री लावायची, चेहरा कोरडा करून. एकेका फोडावर टिकल्या द्यायच्या नाहीत, सगळ्या चेहऱ्याला मिळून दाण्याएवढी. सुरुवातीला एक दिवसाआड. सकाळी सनस्क्रीन. आधी त्रास होईल, फोड वाढल्यासारखे वाटतील, घाबरायचं नाही. बारा आठवडे धीर धरा." सगळं कसं स्वच्छ सांगितलं! फक्त तो एक दाणा सोडून.

घरी आल्या आल्या मोतीलाल गरजला, "दाना म्हंजे दादरना दाना! दुसरा कोनता?" आणि नुसता गरजून थांबला नाही, आरशासमोर वाटीत दादरचा एक टपोरा दाणा नमुना म्हणून ठेवला. आता ज्वारीच्या दाण्याएवढ्या क्रीममध्ये काय होतं हो? उजवा गाल झाला की संपली! मग डावा गाल? "तो परवा कर." असं एक दिवसाआड, तेही अर्धा-अर्धा चेहरा, म्हणजे हिशेब केला तर एकेका गालाची पाळी चौथ्या दिवशी येणार! तीन आठवडे झाले, मुरुमांना पत्ताच नाही की आपल्यावर इलाज चालू आहे.

तेव्हा स्वयंपाकघरातून प्रमिलाबाई बाहेर आल्या. दिपमालाची आई. हातात पळी. म्हणाल्या, "मी सांगस. भाजीमा दाना टाक म्हनतस, तवय तुम्ही दादर टाकतस का?" मोतीलालनं वाटीतला दाणा उचलून खिशात टाकला! तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मापात चूक निघाली. बरोबरच आहे ना, भाजीत दाणे टाक म्हटलं की शेंगदाणेच. झालं, दादर गेली, शेंगदाणा आला. आणि तोही कसा? आईचा जीव! डब्यात हात घालून चांगला गलेलठ्ठ, जोड दाणा निवडला, पोरीला लहान कसा द्यायचा? त्यात मोतीलालला वाटलं, तीन आठवडे वाया गेले ते भरून काढायला हवेत. पिकाला युरिया राहून गेला तर माणूस काय करतो? डबल टाकतो. "सकायलेबी लाव, रातलेबी लाव. मांगलं बठ्ठं भरी निंघी!"

पाचव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, त्या पोरीचं तोंड बघवेना. लालभडक, पापुद्रे सुटलेले, ओठांच्या कडेला भेगा. हसली तरी चरचर, आणि रडली तर आसवांनी आणखी चरचर. आणि मुरुमं? ती आता पापुद्र्यांच्या खालून डोकं वर काढून बघायला लागली, बाहेर काय चाललंय म्हणून!

आणि नेमकं त्याच दिवशी धुळ्याची एसटी कुणाला घेऊन यावी? बेबाबाईला! दिपमालाची मावशी. उंबऱ्यातूनच किंचाळली, "ओ माय वं! हाई काय व्हयनं पोरना तोंडले? भाजनी का काय?" पिशवी खाली ठेवली नाही, पाणी प्यायली नाही, सरळ फडताळातून हळद काढली, दह्यात कालवली, आणि कुणी नाही म्हणायच्या आत थापली त्या सोललेल्या गालांवर! अहो, पंधरा मिनिटं दिपमाला घरभर नाचत होती, मागून प्रमिलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन, त्यांच्यामागून बेबाबाई, "ऱ्हाऊ दे वं, लागू दे, हळद वाईट करस का?" आणि मोतीलाल पंखा ओढत दोघींच्या पायात. चेहरा कुणाचा? दिपमालाचा! आणि धावपळ? बठ्ठ्यांची!

शेवटी बेबाबाईनं निकाल दिला, "फेकी दे ते ट्रॅक्टर का फॅक्टर!" आणि दिपमालानं खरंच ती ट्यूब उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाली, "जाऊ द्या आबा. मी हेडसरांना सांगते, यंदाही पुनमच उभी राहील. माझ्या नशिबात पडदाच आहे." इतकं हळू म्हणाली की मोतीलालनं पंखा बंद करून परत विचारलं, तेव्हा कळलं. मग बेबाबाईनंच उठून हळदीचा डबा परत फडताळात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुनम मॅडम भेटली. चांगल्या मनाची बाई हो, तिच्या मनात काही पाप नाही. म्हणाली, "अगं, टेन्शन नको घेऊ, यंदाही तू मागून बोल, मी आहे ना पुढे. मी तर आत्तापासून आरशासमोर ओठ हलवायची प्रॅक्टिस करते." आणि करून दाखवली! दिपमालानं आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडात मुके हलताना बघितले. त्या बघण्यानं जे झालं ते कुठल्या सल्ल्यानं झालं नसतं. शाळा सुटली, घरी आली, कचऱ्याचा डबा अंगणात उपडा केला, कांद्याच्या सालांतून ट्यूब शोधली, पुसली, आणि कुणालाही न विचारता डॉक्टरीणबाईंना फोन लावला. न विचारता लावला खरा, पण स्पीकर चालू होताच सगळं घर फोनभोवती गोळा!

बाई म्हणाल्या, "किती लावता?"

"दाण्याएवढी, मॅडम."

"कोणत्या दाण्याएवढी?"

"अहो, तेच तर आम्ही महिनाभर विचारतोय!"

मग निघालं सगळं. दादर, शेंगदाणा, युरिया, हळद. पलीकडे बाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "अहो, मटार! मटाराच्या दाण्याएवढी! सगळं जग तसंच सांगतं!" मोतीलालनं फोन हिसकावला, "मटारले दाना कोन म्हनस, बाई? मटार म्हंजे मटार! आनी ओला का सुका?" आता मला सांगा, एवढी वर्षं डॉक्टरकी केली, हा प्रश्न बाईंना कुणी विचारला असेल? त्या विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "...ओला."

आठवडाभर क्रीम बंद, नुसतं साधं मॉइश्चरायझर. नंतर तीन दिवसांतून एकदा, मग एक दिवसाआड, फक्त रात्री, आणि हळद भाजीत. पण ऑक्टोबरात जळगावात ओला मटार मिळतो कुठे? मोतीलालनं मॉलमधून गोठवलेल्या मटाराचं पाकीट आणलं, नमुन्याचा एक दाणा वाटीत, आणि तो दुसऱ्या दिवशी सुरकुततो म्हणून रोज नवा! उरलेल्या पाकिटाची उसळ. महिनाभर त्या घरात मटाराशिवाय दुसरी भाजी शिजली नाही. बेबाबाई तेवढ्यासाठी धुळ्याला परत गेली.

नव्यानं सुरू केल्यापासून चौथ्या आठवड्यात मुरुमं आणखी वाढली. वाढली! गल्लीत परत सुरू, "बघा, म्हटलं नव्हतं?" पण आता मोतीलाल बदलला होता. ओट्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "नांगरट व्हयनी की तन वर येसच! मंग काय नांगर फेकी देवाना का?" आणि आपली पोरगी बघा, आरशासमोर बसून, मोजून मटार, नाकाच्या कडा सोडून, डोळ्यांखाली सोडून, हलक्या बोटानं... जशी दुसरीच्या पोराचा हात हातात धरून अक्षर गिरवून घेते ना, तशी. सकाळी सनस्क्रीन लावून निघाली की शेजारीण म्हणायची, पोरगी पांढरी पडली, रक्त कमी झालं. म्हणू दे! चेहरा कुणाचा? दिपमालाचा!

आणि नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी तोंड धुताना तिचा तळहात गालावरून सरळ खाली आला. मध्ये कुठे अडलाच नाही! तिनं परत फिरवला. मग आईला हाक मारली, "आई, हात लावून बघ." प्रमिलाबाईंनी पिठाचाच हात लावला, आणि दोघी न्हाणीघराच्या दारात उभ्या राहून हसत-रडत राहिल्या. डाग होते अजून. एखाददुसरं मुरूमही होतं. बाईंनी सांगितलंच होतं, डागांना आणखी वेळ लागेल. लागू दे की!

डिसेंबरची सत्तावीस तारीख. शाळेचं पटांगण, मांडव, खच्चून पालक. हिलाल सर, म्हणजे मुख्याध्यापक, घाम पुसत विचारतात, "मॅडम, पुढून की मागून?" दिपमालानं कानामागची दोरी सोडली, मास्क काढून सरांच्याच हातात दिला आणि चढली पायऱ्या! सगळे दिवे तोंडावर. पावडर नाही, काही नाही, डागांसकट. आणि पहिलं वाक्य बोलली, "नमस्कार, मी दिपमाला..." आणि मांडवभर माना वर झाल्या! मग कुजबुज, "अरे, हा तर मागच्या वर्षीचा आवाज! मग तेव्हा ती...?" पहिल्या रांगेतून पुनम मॅडम उठली, वळून मोठ्यानं म्हणाली, "हो! तेव्हाही हीच होती! मी नुसती माशासारखी तोंड उघडत होते!" आणि टाळ्या! आणि टाळ्यांच्या वरून मोतीलाल, खुर्चीवर चढून, "हाई मनी पोर शे! मनी शे!" आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं हमाल-व्यापाऱ्यांच्या गोंगाटात पोत्यांचे आकडे ओरडलेला गळा, त्याच्यापुढे माईक काय करणार? पण दिपमाला थांबली नाही. अडीच तास बोलली, एकदासुद्धा मान खाली घातली नाही.

जिंकली हो! पूर्णपणे जिंकली! सोमवारी शाळेत गेली तीसुद्धा बिनमास्कची, ताठ. वर्गात दंगा चाललेला. तिनं नेहमीसारखे डोळे वटारले. तुम्हाला सांगतो, तीन वर्षं त्या मास्कच्या वरचे नुसते दोन डोळे वटारले की दुसरीचा वर्ग पुतळा व्हायचा. पण आज डोळे वटारलेले आणि खाली ओठांवर हसू, तिला स्वतःलाच माहीत नाही! पोरं आधी टकामका बघत राहिली. मग पहिल्या बाकावरची रुपली उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर हसताय! म्हणजे आम्हाला रागवायच्या, तेव्हापण आतून हसायच्याच?" आणि जो वर्ग उसळला, तो अजून खाली बसलेला नाही. काय करणार! फोड चार महिन्यांत साफ झाले, डागही होतील हळूहळू... पण तीन वर्षांचा दरारा एका तासात साफ, आणि त्याच्यावर डॉक्टरीणबाई म्हणतात, काही इलाज नाही!