दहा बाय बाराचा तंबू

‘दिवेलागणीच्या आत घरात.’ बास, एवढाच नियम, आणि तो का हे विचारायचं नाही, हा त्याच्या पोटातला दुसरा नियम, आणि तुम्हाला सांगते, नागपुरात तो ठीक असेल, माझी आई, प्रभा, तिथे वाढली, तिथे माणूस कॉलेज करून, क्लास करून, मैत्रिणीशी भांडून, समेट करून आरामात दिवेलागणीच्या आत परत येतो... पण आम्ही राहतो ल्यूकनला, डब्लिनच्या पश्चिमेला, आणि इथे डिसेंबरात चारलाच दिवे लागतात. दुपारी चारला! आपल्याकडे त्या वेळी लोक झोपेतून उठून चहा टाकतात. बरं, जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो, म्हणून एकदा मी सव्वानऊला आले आणि म्हटलं, आई, अजून दिवे कुठे लागलेत? तर म्हणाली, ‘‘जूनचं वेगळं.’’ म्हणजे हिवाळ्यात सूर्याप्रमाणे आणि उन्हाळ्यात घड्याळाप्रमाणे. मी सव्वीस वर्षांची आहे. वेगळी खोली का घेत नाहीस, असं विचारू नका, आधी डब्लिनजवळ एक खोली शोधून दाखवा, मग बोलू.

आणि मला हवं काय होतं? मला फक्त एक तंबू हवा होता.

आता तंबू कशाला, तर मी मेनूथला विद्यापीठात हरणांवर संशोधन करते. विकलोच्या डोंगरात हरणं इतकी वाढली आहेत की लावलेलं रोप ती मोठं होऊच देत नाहीत, म्हणून हिवाळ्यात परवानेवाले शिकारी काही माद्या मारतात, आणि मी त्यांचे दात बघून वय ठरवते, अंगावरची चरबी मोजते. आमच्या घरात अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं आहे, त्यामुळे आई नातेवाइकांना सांगते, ‘‘गिरिजा ना, ती पर्यावरणात आहे.’’ ठीक आहे, पर्यावरणात तर पर्यावरणात. पण मला सांगा, हरणं जंगलातून बाहेर कधी पडतात? दिवेलागणीला! आणि मी तेव्हा कुठे असते? मोटरवेवर, घराकडे तोंड करून, कारण तीन हिवाळे झाले, मी दुपारी अडीचला सामान आवरते. बरं, पहाटे जावं, तर उजाडल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, हा त्याच नियमाचा धाकटा भाऊ, आणि जानेवारीत इथे उजाडतं साडेआठला. म्हणजे हरणांवर पीएचडी करणारी ही मुलगी हरीण बघते ते आडवं पडलेलंच.

या शिकाऱ्यांच्या कॅम्पवर डेक्लन म्हणून म्होरक्या आहे, साठीचा, टोपी डोक्याला उगवल्यासारखी. तो सकाळी मला कालची संध्याकाळ सांगतो. आधी एकच मादी झाडीतून मान काढते म्हणे, आणि नुसती उभी राहते, तिचा कशावरच विश्वास नसतो. इतकं शांत होतं की तिच्या कानाची हालचालसुद्धा ऐकू येईल असं वाटतं. मग ती एक पाऊल टाकते, आणि तिच्यामागून बाकीच्या येतात, आणि अंधार होईपर्यंत ते सगळं माळरान हलत असतं... आणि तो हे सांगताना माझ्या हातात काय असतं, तर त्याच मादीचा जबडा. ‘‘यू मिस्ड इट अगेन, गर्ल,’’ तो म्हणतो. मग यंदा म्हणाला, जानेवारीत आठवडाभर राहा की, आम्ही सगळे राहतो, ज्याचा त्याचा तंबू, यू’ल बी ग्रँड, म्हणजे काही होत नाही तुला.

आता नायलॉनचा पिवळा तंबू म्हणाल, तर त्यात रात्रभर आपलाच श्वास छताला चिकटतो आणि पाणी होऊन आपल्याच कपाळावर ठिबकतो. आयुष्यभर आपल्याच श्वासात गुदमरायची सवय असलेल्यांना चालेल तो. मला हवा होता जाड सुती कॅनव्हासचा, सरळ भिंतींचा, ज्यात ताठ उभं राहता येतं. कोपऱ्यात पत्र्याची चूल, तिच्या धुराड्यासाठी छताला न जळणारी चौकट. नवा कॅनव्हास आधी चिंब भिजवून वाळवायचा असतो, म्हणजे सूत फुगतं आणि शिवणीची भोकं बुजतात. भिजवायचं काम आयर्लंड फुकटात करतं. वाळवायचं कुठे, ते मात्र आयर्लंडला विचारू नका. तर दहा बाय बाराचा, दोन खिडक्या, एक दार. रात्री चुलीत लाकूड सरकवायचं आणि कॅनव्हासवर वाजणारा पाऊस ऐकत पडायचं, आणि ‘कुठे पोचलीस’ असं कोणी विचारणार नाही, कारण मी कुठेच जायची नसेन. मी तिथेच असेन... असो.

मला फक्त एक तंबू हवा होता. आणि मी मूर्खासारखं हे रविवारी जेवताना बोलले.

तुम्हाला वाटेल, नाही म्हणाले. छे हो! नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. त्यांनी मदत करायला घेतली. आमचे बाबा, चंद्रहास, औषधाच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहेत, ते स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, बरणी ठेवतानासुद्धा तिची तारीख बघतात. ते लॅपटॉप घेऊन बसले. ‘‘कापड आगीला टिकतं हे कोणी तपासलंय? तपासलंय असं विकणाराच म्हणतो, तो म्हणणारच.’’ मग आकार बघितला आणि चष्मा वर केला. ‘‘दहा बाय बारा? एकटीला? अगं, डोंबिवलीत एवढ्यात आम्ही सहा जण राहायचो.’’

आई म्हणाली, ‘‘सहा कशाला, आपण चौघंच आहोत.’’

मी म्हटलं, चौघं कोण?

गुरुनाथमामा, म्हणजे आईचा भाऊ, महिनाभरासाठी नागपूरहून आलाय, भिंतीवरच्या गरम रेडिएटरला टेकून बसला की फक्त जेवायला हलतो, तो म्हणाला, ‘‘अवं पोरी, एवढ्या थंडीत एकटी काहून मरून राह्यली? आमी येतो नं.’’

आणि पुढच्या तासाभरात माझा तंबू वाढायला लागला. चौघांना अवघडेल, म्हणून बारा बाय चौदा. बायकांना आडोसा हवा, म्हणून मधे पडदा, म्हणून चौदा बाय सोळा. ‘‘दार पूर्वेला घे,’’ आई म्हणाली. मी म्हटलं, आई, तंबूचं दार मी फिरवीन तिकडे असतं. ‘‘मग फिरव की पूर्वेला.’’ चूल आहे म्हटल्यावर तिला पोहे सुचले, मग कुकर सुचला. मी म्हटलं, कुकरच्या शिट्टीनं विकलोतली हरणं वेक्सफर्डला जातील. तर बाबा म्हणाले, ‘‘शिट्टी काढून ठेवू.’’ मामाला तंबू फक्त लग्नाचे माहीत. त्यानं विचारलं, ‘‘खुर्च्या तेच देते काय?’’

आणि मग आईनं तोडगा काढला. इतकी खूश होती ती, तुम्हाला सांगते, तिचा चेहरा बघून मला रडू यायचं बाकी होतं. म्हणाली, ‘‘अगं, आपण सगळे तंबूत म्हणजे तेच घर. मग चारला तू आपोआप घरातच! नियमही मोडला नाही आणि तुझं कामही झालं.’’

बाबांनी मान डोलावली. मामा म्हणाला, ‘‘बराबर हाय प्रभाचं.’’

आणि मला ते दिसायला लागलं हो. झाडीच्या कडेला ती मादी मान काढून उभी आहे, कशावर विश्वास न ठेवता, आणि पूर्वेच्या दारातून आई हाक मारतेय, गिरिजा, दिवे लागले, आत ये.

मी म्हटलं, नाही.

आईनं विचारलं, ‘‘काय नाही? पडदा नाही?’’

मी म्हटलं, तुम्ही कोणी येणार नाही. मी एकटी जाणार. दिवे लागतील तेव्हा मी बाहेर असेन, आणि अंधार झाल्यावरही बाहेरच असेन. आणि हा नियम का आहे, हे मी आज विचारतेय. सांगा.

तुम्हाला खोटं वाटेल, पण कोणाला सांगता येईना. आईनं बाबांकडे बघितलं, बाबांनी लॅपटॉपकडे, मामानं रेडिएटरकडे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणावं, तर आमच्या गल्लीतले लोक ‘लव्हली डे’ सोडून काही म्हणत नाहीत. आईनंही तिच्या आईला कधी विचारलं नसणार. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं... नाही वाटलं.

तेव्हापासून घर गप्प आहे. मी माझा दहा बाय बाराचाच मागवला, आणि तो आज आलाय, हा काय, या मोठ्या पिशवीत, कापड, लोखंडी खांब, चूल, सगळं एकात एक बांधलेलं. मी मघापासून फाटकातून आत ओढतेय, तो घराच्या दारापर्यंतही सरकलेला नाही. आत तिघं सोफ्यावर बसलेत, त्यांना सगळं ऐकू येतंय, पण कोणी उठत नाही, आणि ‘मी एकटी’ असं इतक्या मोठ्यानं म्हणून झाल्यावर मी तरी कोणत्या तोंडानं बोलावणार?

तुम्ही मघापासून फाटकाशी उभे राहून नुसते ऐकताय, म्हणून विचारते... जरा दुसरं टोक धरता का?