पट्ट्याचं दुसरं टोक

पेंटर : मग पाटीवरची ही शेवटची ओळ पुसायची ना, मालक? ‘वस्तऱ्याने गुळगुळीत दाढी’. एकदा रंग फिरवला की परत काढून देणार नाही हं.

नवरा : पूस. वरच्या ‘केस कापणे’ला तेवढा हात लावू नकोस.

पेंटर : माझ्या वडिलांच्या हातची अक्षरं आहेत ही. तो ळ बघा, कसा वळलाय. जिवावर येतं हो.

नवरा : वस्तराच चालेना, तर ळ घेऊन काय करू? पातं संपलंय. सकाळी दगडावर धार काढावी, तर दुपारी पुन्हा बोथट. काल एक गिऱ्हाईक खुर्चीतच कळवळलं.

बायको : पेंटरभाऊ, जरा थांबा. ब्रश खाली ठेवा.

नवरा : तू शिवण टाकून बाहेर कशाला आलीस?

बायको : मशीन मघाशीच थांबवलंय. तुमचा वस्तरा घासायचा पट्टा ऐकत होते.

नवरा : पट्टा काय ऐकायची वस्तू आहे?

बायको : दुकान आणि माझी खोली यांच्यात एक पडदा तर आहे. आधी कसा टाळी दिल्यासारखा आवाज यायचा. आता ओलं फडकं झटकल्यासारखा येतो.

नवरा : चामडं खराब लागलं असेल.

बायको : चामडं नवीन आणलंत. दगड बदललात. आता फक्त बायको बदलायची राहिलीय.

पेंटर : वहिनी, तेवढं पाटीवर मावणार नाही.

नवरा : तू गप रे!

बायको : वस्तरा कसा फिरवता ते मला एकदा दाखवा.

नवरा : इतकी वर्षं नाही विचारलंस ते?

बायको : आज विचारतेय ना?

नवरा : हे बघ. पट्ट्याचं एक टोक खिळ्याला, दुसरं माझ्या डाव्या हातात. पातं सपाट ठेवायचं. पाठ आणि धार, दोन्ही चामड्याला टेकलेल्या. चालताना पाठ पुढे, धार मागून. टोकाला आलं की पाठीवरच पालटायचं. धारेवर पालटलं तर चामडं चिरतं. आणि दाबायचं नाही. पात्याचं स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरे.

बायको : आणि डाव्या हातानं?

नवरा : टोक धरायचं.

बायको : कसं?

नवरा : कसं म्हणजे? ताणून.

बायको : हे ताणलंय?

पेंटर : मालक, खरं सांगू का? झोळी झालीय. तान्हं बाळ निजेल त्यात.

बायको : कापड सैल धरलं की माझी टीप वाकडी जाते. चामड्याचं काय होतं ते तुम्हीच सांगा.

नवरा : पातं झोळात बुडतं. चामडं धारेला खालून वेढतं. मग धार घासून गोल होते. नव्या पोरांना मीच तर ओरडायचो, ‘पट्टा ताठ, पट्टा ताठ’ म्हणून.

बायको : हं.

नवरा : म्हणजे पातं ठीक आहे.

बायको : पात्याला काही झालेलं नाही.

नवरा : तुला कधी कळलं?

बायको : बरणीचं घट्ट झाकण गुपचूप माझ्या पुढ्यात सरकवायला लागलात ना, तेव्हा.

नवरा : मला वाटलं, तुला वाटत असेल की मी आळशी झालोय.

बायको : तेही वाटतंच.

नवरा : डाव्या हाताची मूठच वळत नाही गं. वळली तरी टिकत नाही. तुला सांगितलं असतं, तर तू दुकान बंद करायला लावलं असतंस.

बायको : डॉक्टरकडे जायला लावलं असतं. ते आता लावणारच आहे. दुकानाचं मी कुठे काय म्हटलं?

नवरा : दाढी दोन हातांचं काम आहे. गाल ताणायला डावाच लागतो.

बायको : गालाला दोन बोटं पुरतात. मूठ लागते पट्ट्याला. आणा इकडे ते टोक.

नवरा : अगं, एवढं नको ओढूस, खिळा उपटून येईल!

बायको : खिळा काय ते मी बघते. तुम्ही फिरवा.

पेंटर : हां! हा आवाज! वडिलांबरोबर यायचो तेव्हा हाच ऐकायचो मी.

नवरा : मग उभा काय राहिलायस? बस खुर्चीत.

पेंटर : मी? मला घरी बायकामुलं आहेत, मालक.

नवरा : बस म्हणतो ना! आणि बोलू नकोस, फेस तोंडात जाईल. असा कर चेहरा. टोचतंय?

पेंटर : अं? सुरू केलंत का?

नवरा : ऐकलंस का गं?

बायको : ऐकतेय. आधी काम करा, मग छाती फुगवा.

नवरा : पण दर दाढीला तू शिवण सोडून येणार? लोक हसतील.

बायको : तोंडाला फेस असताना कोण हसतंय? हाक मारा, मी येईन.

पेंटर : झालं? बघू आरसा. वा! मग मालक, त्या ओळीचं काय करू?

नवरा : राहू दे. रंग आणलाच आहेस तर अक्षरांवरून हात फिरव, उजळू देत जरा. ळ बिघडवू नकोस वडिलांचा.

बायको : मी जाऊ आत? एक बाही अर्धीच राहिलीय.

नवरा : जा, जा.

(पडद्यामागे शिलाई मशीन सुरू होतं.)

नवरा : अगं, ऐकतेस का? जरा ये बाहेर.

बायको : आलं का कुणी दाढीला?

नवरा : नाही, कुणी नाही. पावडरच्या डब्याचं झाकण उघडत नाहीये माझ्याच्यानं.