बावीस हातांवरची भिंत

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाच्या बुटाला उभ्या जन्मात पाणी लागलेलं नाही, तो पोहण्याच्या तलावाचा अध्यक्ष होतोच कसा? रोज संध्याकाळी येतो, हात मागे बांधून काठाकाठानं फिरतो आणि पाण्याकडे असा बघतो, जणू ते ह्यानंच एकेक बादली आणून ओतलंय! तुम्हाला सांगते, पाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पाणी सरळ आहे हो, जमलं तर तरंगवतं, नाही जमलं तर बुडवतं, मनात काही ठेवत नाही. माझी तक्रार आहे ती काठावरच्या माणसांबद्दल!

आता मी काय हौसेनं स्पर्धेत उतरले? मी शाळेत विज्ञान शिकवते. वस्तू पाण्यावर का तरंगते हा धडा मी इतका रंगवून शिकवते, की मुलं वह्या सोडून बघत बसतात... आणि स्वतः पाण्यात उतरले की धोंडा! शरम वाटली. म्हणून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी प्रौढांच्या शिकाऊ बॅचमध्ये नाव घातलं, संध्याकाळी सहा ते सात. आमच्यात एक रिटायर्ड कंडक्टरकाका, चालत्या बसमध्ये उभं राहून राहून गुडघे गेलेले. लटपटत यायचे, काठी खांबाला टेकवायचे आणि छातीभर पाण्यात शिरले की काय ऐटीत चालायचे! म्हणायचे, "पोरी, दिवसातला हा एकच तास मी माणसासारखा चालतो." दुसऱ्या आमच्या सिस्टर, इस्पितळातल्या. दिवसभर दुसऱ्यांना "घाबरू नका" सांगायचं आणि इथं येऊन माझा दंड धरून किंचाळायचं. अशी आमची बॅच!

आणि हा तास अध्यक्षांना काढून घ्यायचा होता. कुणासाठी? चॅम्पियन बॅचसाठी! ज्यांना पहाटेचे दोन तास आहेतच, त्यांना संध्याकाळचाही हवा. मी तरातरा गेले ऑफिसात आणि सुरू झाले... तलाव सगळ्यांचा आहे, ज्याला येत नाही त्याचा पाण्यावर पहिला हक्क आहे, वगैरे वगैरे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बोलले! आणि हा गृहस्थ काय करत होता? कान कोरत होता. कोरून झाला, काडी नीट पुसली, मग म्हणाला, "मॅडम, नियम आहे. ज्या बॅचचा एकही सभासद वार्षिक स्पर्धेत शर्यत पुरी करत नाही, त्यांचा तास जातो. तुमच्यातलं आहे का कुणी?" आणि माझ्या तोंडातून गेलं, "मी आहे!"

आईला सांगितलं, तर आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "तू? अगं, तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं तर गुदमरतेस तू!" घरची माणसंसुद्धा अशी. शेवटी तीही काठावरचीच!

शिकवायला कोण, तर शिट्टीवाले सर. त्यांच्या तोंडातली शिट्टी बाहेर आलेली कुणी पाहिली नाही. मी विचारलं, "सर, श्वास कधी घ्यायचा?" "फुर्रर्र!" "हात असा, की असा?" "फुर्रर्र!" चार महिन्यांत त्यांच्याकडून एकच अख्खं वाक्य ऐकलं, "शिकाऊंनी आडवं पोहायचं!" म्हणजे तलावाच्या रुंदीत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लांबी चॅम्पियनांची! बरं, आडवं तर आडवं. भिंतीला पाय लावायचा, रेटा द्यायचा, बावीस हात मारायचे, की भिंत. परत रेटा, परत बावीस, परत भिंत. चार महिने, रोज. मला झोपेतसुद्धा बाविसाव्या हाताला उशी लागायची!

आणि शर्यत लांबीत असते, हे कुणाच्या डोक्यात आलं? कुणाच्या नाही! माझ्याही नाही, आणि मी विज्ञान शिकवते!

स्पर्धेचा दिवस उजाडला. मी टोपी घालून उभी, माझ्या कमरेएवढ्या मुली शेजारी. त्यांतल्या एकीची आई अगदी प्रेमानं विचारते, "तुमची कितवीत आहे हो?" मी म्हटलं, "मीच आहे." "अय्या!" म्हणाली आणि चार बायकांना बोलावून दाखवलंन!

शिट्टी झाली. मुली उडाल्या. मला उडी येत नव्हती, मी खोल टोकाच्या भिंतीला धरून आधीच पाण्यात होते. दिला रेटा! एक, दोन, तीन... मोजतेय, मोजतेय... वीस, एकवीस, बावीस, हात पुढे केला आणि भिंत नाही! अहो, नाहीच! चार महिन्यांची सवय, पाय आपोआप खाली गेले. नशिबानं तिथं गळ्याएवढंच पाणी. तलावाच्या बरोब्बर मध्ये मी उभी. टोपी, चष्मा आणि हनुवटी, एवढंच वर.

"बाद! बाद करा तिला!" अध्यक्षांचा आवाज. काय तो आनंद! पण पंचबाई खमकी. तिनं काठावर उकिडवं बसून माझ्या पायांवर नजर लावली आणि म्हणाली, "ही हवं तसं पोहायची शर्यत आहे, हिच्यात उभं राहायला हरकत नाही. पण एक पाऊल टाकलंत की बाद, शेजारची पट्ट्याची दोरी ओढलीत की बाद, तळाला रेटा देऊन उसळी मारलीत तरी बाद. पोहायला लागा."

लागा! कशी लागा? मला भिंतीशिवाय सुरुवात करताच येत नव्हती! जन्मात केलेली नाही! तिकडे मुली पोहून, केस पुसून, बिस्किटं खायला लागल्या आणि मी मध्येच, खांबासारखी. काठावरून सल्ले सुरू, "अहो, वाका!", "अहो, हात हलवा!", एक म्हणाला, "अहो, तरंगा!" वा! सुचलंच नव्हतं मला! तुम्हाला सांगते, पाण्याबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती. काठावरची माणसं!

एवढ्यात काका दिसले. काठी टेकून उभे, ओठ घट्ट मिटलेले. आणि मला कळलं, मी उभी राहिले तर उद्यापासून ह्यांचं चालणं बंद.

तेवढ्यात सिस्टर ओरडल्या, "ए, तपासणीच्या टेबलावर झोपतात तशी झोप! उताणी! मान सैल... सैल म्हटलं ना! सुई नाही टोचत कुणी!" मी डोळे मिटले आणि झोपले. पाण्यावर! आणि पाय... पाय वर आले हो! लागले मारायला. कुठं चाललेय दिसत नाही, नाकात पाणी, कानात काका, "चलो! पुढचा स्टॉप शेवटचा! मध्ये कुणी उतरायचं नाही!" आणि धाड! डोकं आपटलं. भिंत! पंचबाई म्हणाली, "डोकं लागलं, शर्यत पुरी. सहा मिनिटं अकरा सेकंद."

काकांचा तास वाचला. रोज सहा ते सात चालतात, ऐटीत.

माझं विचाराल, तर दुसऱ्याच दिवशी फळ्यावर नोटीस, अध्यक्षांच्या सहीची. ज्यांनी शर्यत पुरी केली, ते शिकाऊ राहिले नाहीत, सबब त्यांनी चॅम्पियन बॅचला यावे, पहाटे साडेपाचला. तिथं कोण शिकवणार मला? तिथं सरांची शिट्टीसुद्धा वाजत नाही, सगळ्यांना सगळं येतं! मी पुन्हा गेले ऑफिसात. ह्या वेळी भाषण नाही केलं. साधा अर्ज दिला, लेखी, दोन प्रतींत, "मला पोहता येत नाही, तरी शिकाऊ बॅचमध्ये परत घ्यावे, ही विनंती."

काल परत आला. वर लाल शाईत शेरा आहे, "पुरावा जोडावा."