हेडगार्ड आणि खोबरेल

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या श्रावणीच्या डोक्यावर खोबरेल थापलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. सांगलीत तिची पहिली बॉक्सिंगची लढत होती. पोर मार खाणार म्हणून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, निदान डोकं तरी थंड राहील. पण दर ठोशाला तिचं हेडगार्ड घसरून डोळ्यांवर यायचं. तासगावच्या पोरीनं तिला सपाटून हरवलं.

एसटीत ती रडायला लागली. "आई, मला काय दिसतच न्हवतं. मी न्हाई खेळणार आता."

"चूक माझी हाय गं. एकदा खेळ," मी म्हटलं.

दोन महिन्यांनी साताऱ्यात समोर परत तीच पोरगी. तिचे बॉक्सिंगचे सर म्हणाले, "ताई, राहू द्यायचं का ह्या खेपेला?"

"आवं सर, खेळू द्या."

आदल्या दिवशी मी शिकेकाईनं तिचं डोकं तीनदा धुतलं. दुसऱ्याच फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि माझ्या लेकीचा हात वर केला! सर पळत आले.

"ताई, काय खायला घातलं हिला?"

"खायला न्हाई ओ, न्हाऊ घातलं!"

तुमच्या ओळखीत कुणाची लेक बॉक्सिंग खेळत असेल, तर तिच्या आईला एवढं सांगा: तेल लावायचं ते जिंकून आल्यावर.