बिळातली कोळीण

पर्थच्या संग्रहालयात टीगन रांगेत उभी होती. तिच्या पुढचा शेतकरी, क्लेमकाका, खिडकीतल्या कोळीतज्ज्ञ मर्नाबाईंशी इतक्या मोठ्यानं बोलत होता की कान टवकारायचीही गरज नव्हती!

“बाटलीतली ही कोळीण दुर्मीळ जातीचीच आहे ना?”

“दोन्ही जाती वरून अगदी सारख्या, काका. पोट उघडून आतल्या पिशव्या पाहाव्या लागतात. पाहिल्या. दुर्मीळच आहे.”

“झालं तर! आता सोमवारी टेकडीवर बुलडोझर आणूनच दाखवा म्हणावं खाणवाल्यांना!”

“पण खाण थांबवायला तिथं जिवंत कोळी दाखवावा लागेल. आणखी बिळं आहेत ना?”

“नाही हो. सगळी टेकडी पालथी घातली. हिचं एकच.”

“आणि तुम्ही हिलाच स्पिरिटमध्ये बुडवलंत?”

“ओळख पटवायला हवी होती ना!”

मर्नाबाईंनी बाटलीवर ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी चिकटवली.

“बाटली परत द्या, बाई. हिला बिळात ठेवतो, वर तिनंच विणलेलं झाकण लावतो. सोमवारपर्यंत तरी घरी राहील.”