कुणीच वापरत नाही

कृष्णराज : हळू बोल आक्का. समोरच बसल्यात लक्ष्मीकाकू. कल्याणप्पांच्या मातीवरनं आलेली माणसं आजून वसरीवर हायेत.

मंजुषा : ती माणसं काय बोलतात ते ऐकलंस ना? 'म्हातारा गुदमरला आन् बाई घोरत पडली.' काकूंची सख्खी सून म्हणाली, सासऱ्याच्या मातीवरून येऊन, चारचौघांत. काकू मान खाली घालून ऐकत होत्या.

कृष्णराज : चार दिस बोलत्याल, मग गप व्हत्याल.

मंजुषा : कृष्णा, मशीन वाजलंच नाही.

कृष्णराज : नाकातली ऑक्सिजनची नळी निसटली आप्पांच्या. ती काय पयल्यांदा निसटली व्हय?

मंजुषा : नेहमीच निसटायची. आणि निसटली की मशीन बोंबलायचं, काकू उठून नळी नीट बसवायच्या. त्यासाठीच तर आप्पांच्या बोटाला तो ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला होता. मग काल रात्री का नाही वाजलं?

कृष्णराज : झोपलं व्हतं. म्या उजाडताच खोलून बघितलं. स्क्रीन बंद झाला, त्याच्या मागनं चिमट्याचा भागबी झोपला.

मंजुषा : स्क्रीन बंद होणारच. घटकाभर कुणी हात लावला नाही की होतो. पण चिमट्यानं जागंच राहायचं असतं. 'मला झोपवू नका' हे सिस्टिमला सांगायला एक फ्लॅग होता. एक खूण, बस.

कृष्णराज : जी तू काढलीस.

मंजुषा : मी काढली. कर्नलमध्ये, सगळ्या सिस्टिमच्या मुळात जो कोड असतो त्यात, असले पडून राहिलेले फ्लॅग शोधून काढणं हे माझं कामच आहे. अख्खा कोड धुंडाळला, एकाही ड्रायव्हरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कोडमध्ये, ते नाव सापडलं नाही. 'कुणीच वापरत नाही' असं लिहून पाठवलं. कचरा कमी केला म्हणून शाबासकी मिळाली मला.

कृष्णराज : आमच्या मशीनचा ड्रायव्हर तुमच्या त्या कोडात हायेच कुठं? कंपनीनं आपल्यापुरता लिवला, आन् मग कंपनीच बसली.

मंजुषा : ते मला इथं मुरुममध्ये बसून दिसलं नसतं, मान्य. पण तू फोन केलास रे.

कृष्णराज : आता ते नको काढू.

मंजुषा : उमरग्याच्या दुकानातून केलास. 'आक्का, मशीनला नवी सिस्टिम टाकतोय, एका नावावर अडकतंय.' नाव वाचून दाखवलंस. मी भाकरी थापत होते, फोन खांद्यात धरून. म्हणाले, ती ओळ उडव, ते कुणीच वापरत नाही.

कृष्णराज : आन् म्या उडवली. लगीच चाललं.

मंजुषा : वापरणारा तूच होतास. त्यालाच मी सांगत होते, की कुणी वापरत नाही. कुठलं मशीन, एवढंसुद्धा विचारलं नाही. लाज वाटते मला माझी.

कृष्णराज : म्या तरी कुठं ईचारलं, ही ओळ काय करती म्हणून? चालू केलं, चिमटा काढून बघितला, वाजलं. घटकाभर थांबलो असतो तर तिथंच कळलं असतं. गिऱ्हाईक दारात व्हतं, कोण थांबतंय.

मंजुषा : आणि नवी सिस्टिम टाकलेलं ते दुसरं, माकणी गावातलं मशीन?

कृष्णराज : सकाळीच काढून आणलं. तिथल्या पेशंटला, सकिनाबीला, दवाखान्यात ठेवाय लावलं. बॅटरी खराब हाय म्हणलं. ती नवी सिस्टिम आनखी कुठं टाकल्याली न्हाय.

मंजुषा : तिथं धावत गेलास. आणि इथं समोरच्या घरात जायला पाय उचलत नाही?

कृष्णराज : सकिनाबी जित्ती हाय. आप्पा काय म्हागारी येणार हायेत का? आक्का, पोलिस तुझ्या दारात येणार न्हाईत. दुकानाच्या बोर्डावर नाव माझं हाय. उद्या कोण माझ्या हातात मशीन दील? लेकरंबाळं हायेत मला.

मंजुषा : मी सकाळीच कर्नलवर काम करणाऱ्या सगळ्यांना मेल पाठवली. फ्लॅग परत घाला, वापरणारे होते, एक माणूस गेला, असं सरळ लिहिलं. जगभरचे लोक वाचतील. पण ही समोरची बाई वाचणार नाही. तिला तोंडानंच सांगावं लागेल.

कृष्णराज : माझं नाव घेणार तू?

मंजुषा : आधी माझं घेईन. मग तुझं.

कृष्णराज : पाठचा भाऊ हाय म्या तुझा.

मंजुषा : आणि ती कोण रे? आई रानात गेली की तिच्याच वसरीवर वाढलो आपण. आपल्यामुळं तिनं नवऱ्याला मारल्याचं डोक्यावर घेऊन जगायचं? चल.

कृष्णराज : म्या न्हाय येत.

(मंजुषा गल्ली ओलांडून जाते. थोड्या वेळानं कृष्णराजही तिच्या मागून येतो.)

लक्ष्मीबाई : ये ग मंजू. कृष्णा, तूबी ये बाबा, भाईर का हुबा ऱ्हायलास? तुझं मशीन लई चांगलं व्हतं रे. मलाच मेलीला जाग आली न्हाय.

मंजुषा : काकू, मशीन वाजलंच नाही.

लक्ष्मीबाई : आं?

मंजुषा : त्यातला एक भाग झोपून गेला होता. त्याला जागं ठेवायची खूण मी काढायला लावली. काही कामाची नाही म्हणाले मी.

कृष्णराज : आन् म्या काढली, काकू. नीट तपासलंबी न्हाय. तुमचा कायबी दोष न्हाय.

लक्ष्मीबाई : वाजलंच न्हाय म्हणतूस?

कृष्णराज : न्हाय वाजलं.

लक्ष्मीबाई : म्हंजी म्या जागीच व्हते.

मंजुषा : काकू?

लक्ष्मीबाई : त्यांच्या उशालाच बसले व्हते, हात धरून. त्या ऑक्सिजनच्या घरघरीत श्वास कळत न्हाय बग. पर चिमट्याचं मशीन गप व्हतं, म्हून म्हणलं, आज बरी झोप लागलीया, कशाला उठवा. सकाळी समदे म्हणाले, बाई झोपली. मग मलाबी वाटलं, आसंन, डोळा लागला आसंन.

कृष्णराज : काकू, माफ करा मला.

लक्ष्मीबाई : पहाटं हात गार लागला त्यांचा. थंडी वाजत आसंन म्हून म्या चादर वर वढली.